दाराला लावलेला दगड

४ फेब्रुवारी
ड्रिलिंग कॅम्प

वहिनी,

कसे आहात, बरे आहात ना, हे सगळं पत्राच्या शेवटी विचारते. आधी माझं ऐकून घे, कारण इथे ऐकणारं कोणी उरलेलं नाही.

मशीन परत बंद पडलंय. पंपाचं सील गेलं. कप्तान, म्हणजे आमचा ड्रिलर, बोट बुडत असल्यासारखा ओरडतो म्हणून त्याला सगळे कप्तान म्हणतात, तो आता ओरडतसुद्धा नाही. खुर्ची टाकून टेकडीकडे बघत बसलाय. सील मागवायचं तर फोनला रेंज नाही. आठवड्यातून एकदा पाण्याचा टँकर येतो, तोच टपाल नेतो, तोच सील आणणार. हे पत्रही त्याच्याच हाती देतेय.

परवा साहेब येऊन गेले. शेडमध्ये उभे राहून सगळ्या पेट्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "खाली आहे, खाली आहे म्हणता म्हणता सहाशे मीटर झाले, बाई. अजून किती खाली?" मार्चअखेर क्रोमाइटचा थर दाखवायचा, नाहीतर मशीन उचलणार. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामाची किंमत ही.

तुला सांगायची गरज नाही, पण राग आला की मी पहिल्यापासून सांगते. जमिनीखालच्या एका अवाढव्य पोकळीत शिलारस येऊन बसतो आणि हजारो वर्षं निवत राहतो. आधी ऑलिव्हीनचे स्फटिक धरतात, मग पायरोक्सीन, मग फेल्डस्पार, आणि ते तळापासून थरावर थर रचत जातात. जे स्फटिक आधी धरतात ते रसातलं मॅग्नेशियम, क्रोमियम, कॅल्शियम ओढून घेतात. मागे उरलेला रस बदलत जातो, त्यात सोडियम आणि लोखंड वाढतं. म्हणून तळाचा दगड एक आणि माथ्याचा दगड भलताच, एकाच रसातून निघालेले असूनही. माझं म्हणणं साधं आहे. क्रोमियम आधी संपतं, तर त्याचं खनिज, क्रोमाइट, तळाशीच असणार, आणि प्लॅटिनम त्याच्यातच. म्हणून खाली चला. यात न कळण्यासारखं काय आहे?

सोबतच्या डब्यात दगडाचे काचेवरचे पातळ काप पाठवतेय, दर वीस मीटरला एक. फेल्डस्पारमधलं कॅल्शियम मोजून दे. हेड ऑफिसच्या लॅबमध्ये तीन महिन्यांची रांग आहे, आणि मायक्रोस्कोपचं टेबल फिरवून, स्फटिक कुठल्या कोनाला काळा होतो ते बघून कॅल्शियम सांगणारं तुझ्यासारखं दुसरं कोणी मला माहीत नाही. दादाशी लग्न करण्याआधी चार वर्षं तू माझ्याशी एकाच मायक्रोस्कोपवरून भांडलीयस, तेव्हा मला माहीत आहे. खाली जावं तसं कॅल्शियम वाढत गेलेलं दिसलं पाहिजे. तसा आलेख मिळाला की तो साहेबांच्या टेबलावर आपटते.

आईच्या दाराला लावायला दगड पाठवला होता, त्याचं काय झालं? वाऱ्याने दार आपटतं म्हणून वर्षभर कटकट करत होती. दगड पोचून किती दिवस झाले, तिने एक अक्षर कळवलं नाही. माझ्यावर रागवायचं तर रागवू दे, दगडाने तिचं काय घोडं मारलंय?

सगळे कसे आहात?

तुझी नणंद


१९ फेब्रुवारी

गारगोटी,

कॉलेजात तुला हे नाव मीच ठेवलं होतं, घासलं की ठिणगी पडते म्हणून. अजून बदलायची वेळ आलेली नाही.

काप मिळाले. मायक्रोस्कोप जेवणाच्या टेबलावर मांडलाय, दुसरीकडे जागाच नाही. तुझा दादा ताट मांडीवर घेऊन जेवतो आणि दर घासाला विचारतो, "किती दिवस?" शाळेच्या परीक्षेचे गठ्ठे खुर्चीवर. टेबलाचा चौथा पाय आखूड आहे, त्यामुळे कोणी स्वयंपाकघरात भांडं आपटलं की इकडे स्फटिक हलतो. अशा अवस्थेत काम केलंय, तेव्हा वाचताना आधी कपाळाला आठ्या घालू नकोस.

आकडे वेगळ्या कागदावर आहेत. थोडक्यात सांगते. माथ्यापासून खाली जाताना कॅल्शियम वाढत जातं, अगदी तू म्हणालीस तसं. चारशे मीटरचा काप सगळ्यात वरचढ आहे. आणि चारशे वीसला ते एकदम धाडकन पडतं. माथ्याजवळच्या दगडाइतकं खाली येतं. तिथून पुढे परत सावकाश वाढायला लागतं. शेवटचे थोडे काप राहिलेत, वेळ मिळेना. घरात सध्या जरा धावपळ आहे.

चारशे वीसचा काप मी दोनदा पाहिला. तू काय म्हणशील ते ऐकू येतंय मला, पण आकडा तोच आला.

आई बऱ्या आहेत. दगडाचं विचारलंस, तर दार आता आपटत नाही.

वहिनी


२५ फेब्रुवारी

वहिनीसाहेब,

तुमचा आलेख मिळाला. तो मी साहेबांच्या टेबलावर आपटणार होते, आता स्वतःच्या डोक्यावर आपटून घेतलाय.

काप अदलाबदल झालेत. दुसरं काही असूच शकत नाही. डबा उघडताना तू ते टेबलावर पसरलेस, दादाने ताट ठेवायला बाजूला सरकवले आणि मग परत भरताना माथ्याचा काप चारशे वीसच्या खाचेत गेला. मला चित्र डोळ्यांसमोर दिसतंय. रस एकदा बदलायला लागला की मागे फिरत नाही, हे आपण दोघींनी एकाच बाकावर शिकलंय. तू विसरली असशील, तुझा काय दोष? शाळेत पोरांना गारगोटी आणि चुनखडी दाखवण्यापलीकडे काय लागतं?

आणि दोन आठवडे लावूनही काप उरलेच. धावपळ! इथे महिनाभराने माझं सगळं काम गुंडाळलं जाणार आहे आणि तुला घरातली धावपळ आडवी येते. तिकडून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. खरं सांगू का, या नोकरीसाठी आपण दोघींनी अर्ज केला होता आणि ती मला मिळाली, हे तुझ्या मनातून गेलेलं नाही, असं मला कधीकधी वाटतं. आज वाटलं म्हणून लिहिलं.

उरलेले काप मोज. सगळे परत मोज. टँकर उभा आहे.

नणंद


८ मार्च

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी उत्तर लिहिलं असतं तर कागद जळला असता. म्हणून थांबले.

आता ऐक. काप अदलाबदल झालेले नाहीत. प्रत्येक काचेवर तुझ्याच अक्षरात आकडा खरडलेला आहे, तो मी मोजण्याआधी वाचते. इतकी अक्कल शाळेत शिकवूनही शिल्लक आहे. उरलेलेही मोजले, सगळे परत मोजले. चित्र तेच आहे. आणि नोकरीचं म्हणशील तर हो, लागलं होतं मनाला. चांगलं वर्षभर लागलं होतं. पण त्यासाठी मी फेल्डस्पारचे आकडे खोटे लिहीन असं तुला वाटलं असेल, तर तू मला चार वर्षांत ओळखलंच नाहीस.

धावपळ कसली ते आता सांगते, कारण लपवून माझाच जीव मेटाकुटीला आलाय. तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या आठवडाभर आधी आई पडल्या. दुपारी वाळलेले कपडे छातीशी धरून खोलीत येत होत्या, समोरचं दिसलं नाही, तू पाठवलेल्या दगडावर पाय पडला. गोल दगड, तो फिरला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. वेणी घालण्यापासून घास भरवण्यापर्यंत सगळं मी करतेय, शाळा सांभाळून, आणि मध्ये मिळेल त्या वेळात तुझे स्फटिक फिरवतेय. तुझ्या दादाने त्याच संध्याकाळी तो दगड उचलून बाहेर फेकून दिला. दार आता दोरीने बांधून ठेवतो, म्हणून आपटत नाही.

तुला कळवायचं नाही ही आईंची ताकीद होती. मी भांडले. मला म्हणाल्या, "कळवलंत आणि ती आली नाही, तर मला जास्त लागेल." म्हणून कळवलं नाही.

आता कामाचं. रस मागे फिरत नाही हे मला तुझ्याइतकंच पाठ आहे. पण तू एकाच रसाचा हट्ट का धरून बसलीयस? समज, पहिला रस येऊन निवत गेला, तळापासून थर बसले, उरलेला रस बदलून बदलून पार थकला. आणि तो पुरता गोठण्याआधी खालून ताजा, गरम रस परत आत घुसला. मग थकलेल्या थरांच्या डोक्यावर नवे थर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतील. कॅल्शियम पुन्हा चढ्या आकड्याने सुरू होईल. वरून भोक पाडत गेलं तर नेमकं माझ्या कागदावर आहे तेच दिसेल. आणि ताजा रस जुन्यात मिसळला की क्रोमाइट बाहेर पडतं, हे आपल्याला शिकवलं तेव्हा तू माझ्या शेजारी बसून झोपली होतीस.

तुझा थर तळाशी नाहीये. चारशे आणि चारशे वीसच्या मध्ये आहे. तू त्याला भोक पाडून केव्हाच पुढे गेलीस. उगाच खाली खणत बसू नकोस. त्या वीस मीटरच्या पेट्या उघड आणि नीट बघ.

वहिनी


१४ मार्च

वहिनी,

मागच्या पत्रातलं सगळं मागे घेते. शाळेबद्दलचं आणि नोकरीबद्दलचंही. मला लाज वाटतेय, आणि राग येतोय, आणि दोन्हींची सरमिसळ झालीय. मला कळवलं का नाही? मी आलेच नसते असं तिने धरून का चाललं? मग मीच मला विचारलं, तू गेली असतीस का? पंप बंद, साहेब डोक्यावर, टँकर आठवड्याने. बहुतेक नसते गेले. तिला ते इथे न येता माहीत होतं याचाच जास्त त्रास होतोय.

पेट्या उघडल्या. शेडमध्ये पेट्यांची उतरंड असते हे तुला आठवत असेल. दगडाचे गोल दांडे, म्हणजे कोअर, खोलीप्रमाणे ओळीने मांडलेले, आणि एखादा तुकडा भोकातच चुरा होऊन गेला असेल तर त्याच्या जागी लाकडाचा ठोकळा. चारशे बारापर्यंत हिरवट, जड दगड. त्याच्या खाली लगेच पांढरट, हलका. तुझा आलेख सांगतो तसंच. आणि त्या दोहोंच्या मध्ये एक वीतभर ठोकळा. ठोकळ्यावर लिहिलंय "४१२, कोअर गेला."

अक्षर माझं आहे. तो तुकडा गेलेला नव्हता, वहिनी. तोच आईच्या दाराला लावला होता.

आता कपाळावर हात मारू नकोस, माझा मारून झालाय. इथे हे सगळेच करतात. कप्तानच्या टेबलावर एक आहे, साहेबांच्या घरी टीव्हीखाली एक आहे. देखणा तुकडा निघाला की उचलायचा आणि ठोकळा ठेवायचा. हा तर फारच देखणा होता, खाली पांढरा, वर हिरवा, मध्ये दोन बोटं जाडीची काळीभोर पट्टी. आईचं दार अजून आपटतंय हे त्याच आठवड्यात दादाच्या पत्रात वाचलं होतं. काळी पट्टी दिसली की लोहचुंबक लावून बघायचं असतं. चिकटलं तर साधं लोखंडी मॅग्नेटाइट, नाही चिकटलं तर सावध व्हायचं. पण माथ्याजवळ अशा ढीगभर पट्ट्या निघाल्या होत्या आणि सगळ्या चिकटल्या होत्या. त्या दिवशी चुंबक शेडमध्ये राहिलं होतं आणि ऊन मी म्हणत होतं. हीही तसलीच, असं मी धरून चालले.

तो दगड शोध. दादाने कुठे फेकला ते त्याच्याकडून वदवून घे. साहेब एकतीसला येतायत. मिळाला तर टँकरवाल्याच्या पत्त्यावर पाठव, आत काय आहे ते लिहू नकोस. मी सांगेन की पेटीखाली पडलेला सापडला. कोणाला कळायचं कारण नाही.

आईला सांग की

नाही, तिला मीच लिहीन. आज सुचत नाहीये.

गारगोटी


२१ मार्च

गारगोटी,

तुझा दादा ऑफिसचे कपडे न उतरवता बिल्डिंगमागच्या राडारोड्याच्या ढिगात उतरला. नुकतंच रंगकाम झालेल्या घराचा मलबा, फुटक्या फरशा, कोणाचं तरी मोडकं कमोड. दोन तास उकरलं. वरच्या मजल्यावरून लोक बघत होते, एकाने विचारलं, "काही हरवलं का?" तो म्हणाला, "दगड." त्यानंतर कोणी काही विचारलं नाही. हाताला काही लागलं नाही. वर येऊन तो मला म्हणाला, "तुम्हा दोघींच्या दगडांपायी माझी आता या बिल्डिंगमध्ये शोभा झाली." मी हात टेकले. टेबलावर डोकं ठेवून बसले.

तेव्हा आईंच्या खोलीतून गडगड आवाज यायला लागला.

रोज संध्याकाळी येतो तो आवाज. प्लास्टर निघाल्यापासून व्यायामाच्या बाई येतात, त्यांनी मनगटासाठी टेबलावर काहीतरी गोल लाटायला सांगितलंय. मला वाटायचं बाटली आहे. त्या दिवशी का कोण जाणे, आत जाऊन बघितलं. आई खिडकीपाशी बसून, जीभ दाताखाली धरून, तुझा दगड टेबलावर पुढे-मागे लाटत होत्या.

दादाने फेकला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी वॉचमनला सांगून तो वर मागवला होता आणि कपाटात शालीखाली ठेवला होता. मी म्हटलं, "आई, आम्हाला सांगायचंत तरी." तर म्हणाल्या, "घरातला दगड उचलून बाहेर टाकतात. मला विचारलं का कोणी? पडले मी, दगड पडला नव्हता." आणि मग म्हणाल्या, "तिने स्वतःहून पाठवलेली ती एकच वस्तू आहे घरात."

दगड हातात घेतला. फ्रिजवर गॅसवाल्याच्या नंबराचं लोहचुंबक असतं, ते काळ्या पट्टीवर ठेवलं. घसरून खाली पडलं. परत ठेवलं, परत पडलं. मग चहाच्या कपाच्या बुडाला जी खरखरीत, झिलई नसलेली कडा असते, तिच्यावर पट्टी घासली. मॅग्नेटाइट असतं तर रेघ काळी आली असती. रेघ तपकिरी आली. आईंनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं, "आई, तुमची मुलगी जे शोधतेय ना, ते तुम्ही आठवडाभर लाटताय."

आता तुझ्या दुसऱ्या मुद्द्याचं. पेटीखाली सापडला वगैरे मी काही ऐकलेलं नाही. माझे आकडे त्या दगडाला जोडूनच खरे ठरणार आहेत, आणि माझ्या आकड्यांना मी खोटी शेपटी लावू देणार नाही. दगड कुठून निघाला, कोणी उचलला, कुठे पडून होता, हे सगळं लिहून सोबत पाठवतेय. साहेबांना हे पत्र दाखव. ओरडतील, ओरडू देत.

आईंनी अख्खा दगड द्यायला साफ नकार दिला. "अर्धा तिला, अर्धा मला." म्हणून आम्ही दोघी स्वयंपाकघराचे ओटे कापून देणाऱ्या कारागिराकडे गेलो. आई म्हणाल्या मी येणार, आणि आल्या. त्याच्या करवतीशेजारी उभ्या राहून त्याला बजावत होत्या, "उभा काप. दोन्ही वाटण्या सारख्या हव्यात." तो म्हणाला, "आजी, एवढ्याशा तुकड्याचा काय ओटा करणार?" कापला तेव्हा आतली पट्टी ओली चकाकत होती. मी तिथेच रडले. कारागिराला वाटलं त्याने काहीतरी बिघडवलं.

अर्धा सोबत आहे. फडक्यात गुंडाळलाय, नीट उघड.

वहिनी


५ एप्रिल

वहिनी,

दगड वेळेत पोचला. फडक्यासकट.

साहेब एकतीसला आले. मी त्यांच्यासमोर तुझा आलेख, तुझं पत्र आणि दगड ठेवला, आणि सगळं सांगितलं. ठोकळा मी ठेवला हेसुद्धा. तू म्हणालीस तसे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. भिंग लावून पट्टी कितीतरी वेळ बघत राहिले. आलेख उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला. मग म्हणाले, "बाई, मला पटलं. ताजा रस आलाय, थर इथेच आहे. पण मला पटून काय उपयोग?"

मी म्हटलं, अर्धा तुकडा तपासणीला पाठवा. तर म्हणाले, "काय लिहून पाठवू? हा दगड शेडमधून परवानगीशिवाय बाहेर गेला. टपालाने गेला. दाराला लावला. मलब्यात टाकला. वॉचमनने आणला. तुमच्या मातोश्रींनी लाटला. ओटेवाल्याच्या करवतीने कापला. यात प्लॅटिनम निघालं तर पहिला प्रश्न विचारतील, वाटेत कोणी घातलं? पेटीत असता तर पुरावा होता. आता नुसता दगड आहे."

आणि ते बरोबर आहेत! हीच तर चीड आहे. मूर्खपणाचं काही बोलले असते तर मी भांडले असते. शेडमध्ये नियम टांगलेला आहे, प्रत्येक दांडा उभा कापायचा, अर्धा तपासणीला, अर्धा पेटीत कायमचा. तो एक नियम त्या एका तुकड्यापुरता मी पाळला नाही. सहाशे मीटर दगड काढला, प्रत्येक वीत मोजली, आणि ज्याच्यासाठी काढला ती एक वीत दाराला लावायला दिली. मला झोप येत नाही.

शेजारी दुसरं भोक पाडायचं, चारशे बारापर्यंतच, एवढंच आता करता येईल. साहेब म्हणतात पैसे संपले, अर्ज करा, पुढच्या वर्षी बघू. हे त्यांचं 'बघू' मला माहीत आहे. मशीन काल सुटं करून ट्रकवर चढवलं. कप्तान जाताना माझ्याशी हात मिळवून गेला, आणि त्याच्या टेबलावरचा तुकडा गुपचूप पेटीत परत ठेवून गेला. मला हेड ऑफिसला हजर व्हायला सांगितलंय. नोकरीत ठेवतात की नाही ते तिथे कळेल.

वाटेत आपलं गाव लागतं. उतरावंसं वाटतंय, पण आईसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू? तिला लिहायला चार वेळा बसले. चारही कागद फाडले. तू तिला एवढंच सांग की तिचा हात माझ्यामुळे मोडला हे मला माहीत आहे.

तुझा आलेख मी जपून ठेवलाय. तो बरोबर होता. पहिल्या दिवसापासून.

गारगोटी


१३ एप्रिल

पोरी,

हे मी स्वतः लिहितेय, उजव्या हाताने. अक्षर वेडंवाकडं आहे ते हाताचं, डोक्याचं नाही. दोन दिवस लागलेत, तेव्हा सगळं वाच.

तुझं पत्र सूनबाईने मला वाचून दाखवलं. तिला वाटलं मी रडेन. मला हसू आलं. तुझा साहेब म्हणतो ते खरं आहे, घरातून फिरून आलेल्या वस्तूवर कोण विश्वास ठेवतं? पण वाईट वाटलं. एवढं उन्हातान्हात राहिलीस आणि तोंडाला पानं पुसली गेली. मी तुझ्या दगडांना नेहमी नावं ठेवली, हे कसलं वेड म्हणाले. त्या दिवशी तो माणूस करवत चालवत होता तेव्हा सूनबाईने मला सगळं समजावलं, रस कसा आला, कसा निवला, कसा थकला आणि परत ताजा कसा आला. मला अर्धं कळलं. पण ती काळी रेघ मी डोळ्यांनी पाहिली. तू म्हणत होतीस ते होतं तिथे. वरखाली चुकलीस, पण होतं.

हात मोडला तेव्हा तुझा राग आला होता, हे खरं. तू नव्हतीस म्हणून आला. दगडाचा नाही आला.

माझा अर्धा दगड आता लाटता येत नाही. सपाट बाजूवर नुसता बसून राहतो. दाराला मात्र फार छान बसतो, जराही घरंगळत नाही. तेव्हाच असा अर्धा कापून पाठवला असतास, तर माझा हातही वाचला असता आणि तुझा थरही. बाकीचा अर्धा तिथेच ठेवायचा असा नियम होता ना तुमचा? नियम करणाऱ्यांना अक्कल असते कधीकधी.

उतर इथे. दार उघडं आहे. तोंड आहे तेच घेऊन ये, दुसरं कुठून आणणार? दादा तुझ्याशी दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल. सूनबाईला शाळेला सुट्टी आहे. तुम्ही दोघी मिळून टेबलावर बसा आणि तो अर्ज लिहा. तिचंही नाव घाल त्यात, आकडे तिचे आहेत. मी ताट मांडीवर घेऊन जेवीन.

आणि त्यांनी नाही म्हटलं तर परत अर्ज कर. मला व्यायामाला अख्खा गोल दगड लागतो, बाटली हलकी पडते. त्याच जागेचा, तसाच काळ्या पट्टीचा हवा.

या खेपेला विचारून आण.

आई